ठिपक्यानंतर स्लॅश की स्पेस?

"भाऊ, स्क्रिप्टमधली सीडी काम करून नाही राहिली." सीडी म्हणजे फोल्डर बदलायची कमांड, आणि स्क्रिप्ट म्हणजे कमांड लिहून ठेवलेली फाइल. कापसाच्या हंगामात हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगात काट्याच्या नोंदी सांभाळतो, आणि संध्याकाळी गावातले दोन-चार पोट्टे माझ्याकडे लिनक्स शिकायला येतात. त्यांची स्क्रिप्ट बहुतेक वेळा ठीकच असते, ती चालवताना गडबड होते.

स्क्रिप्ट चालवायच्या पद्धतींतले किरकोळ फरक आधी उरकतो. फाइलचं नाव 'जा' धरा. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्येच करायच्या.) बॅश हा शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. 'बॅश जा' म्हटलं की फाइल कोणी वाचायची ते तुम्ही स्वतः सांगता. './जा' म्हटलं की पहिल्या ओळीतलं शेबँग (#! आणि पुढे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामचं नाव) बघून ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवतो, आणि त्यासाठी आधी सीएचमॉड +एक्स करून परवानगी द्यावी लागते. सीएचमॉड 777 मारून सगळ्यांना सगळी परवानगी देणाऱ्यांशी मी बोलत नाही. './' कशाला, तर चालू फोल्डर सहसा पाथमध्ये, म्हणजे शेल कमांड शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, नसतो म्हणून. एवढंच.

सगळे अडकतात ते './जा' आणि '. ./जा' यांच्यात. दिसायला एक ठिपका आणि एक स्पेस जास्त. पण './' मधला ठिपका म्हणजे 'हे फोल्डर', आणि सुरुवातीचा सुटा ठिपका ही अख्खी कमांड आहे. बॅशमध्ये तिचंच दुसरं नाव सोर्स.

'./जा' केलं की शेल फोर्क करून, म्हणजे स्वतःची नक्कल काढून, नवी प्रोसेस (चालू प्रोग्राम) काढतो. तिला एक्सपोर्ट केलेल्या, म्हणजे नव्या प्रोसेसला द्यायच्या म्हणून सांगितलेल्या, व्हेरिएबल्सची आणि चालू फोल्डरची नक्कल मिळते. नक्कल म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स. झेरॉक्सवर पेनानं तूर खोडून कापूस लिहिलात, तर पटवाऱ्याच्या दप्तरातली तूर हलते का? स्क्रिप्टनं सीडी केलं, एखादं व्हेरिएबल बदललं, सगळं त्या झेरॉक्सवर. प्रोसेस संपली की ती कचऱ्यात. सीडी चालली होती, फक्त तुमच्या शेलमध्ये नाही. एक्सपोर्ट केलं तरी तेच, कारण एक्सपोर्ट खाली मुलाकडे जातं, वर बापाकडे कधीच येत नाही. सोर्स केलं की नवी प्रोसेसच निघत नाही. तुमचा चालू शेल फाइल उघडून ओळी वाचतो, जणू तुम्हीच टाइप करताय. दप्तरच उघडलं म्हणा.

पटत नसेल तर फाइलमध्ये 'इको $$' ही एकच ओळ टाका. $$ म्हणजे शेलचा प्रोसेस क्रमांक. प्रॉम्प्टवर तो 4127 आला, तर './जा' 4302 दाखवेल, परत चालवलंत तर आणखी वेगळा. '. ./जा' दर वेळी 4127.

यात लाजण्यासारखं काही नाही. पीडीपी-7 या जुन्या संगणकावर युनिक्समध्ये फोर्क आला तेव्हा फोल्डर बदलायची कमांड अचानक बंद पडली, आणि करणाऱ्यांनाच कोड वाचत बसावं लागलं, असं युनिक्स करणाऱ्यांपैकीच डेनिस रिची यांनी 1979 मध्ये सांगितलंय. कमांड नव्या प्रोसेसचं फोल्डर बदलायची आणि ती प्रोसेस लगेच मरायची. तेव्हापासून ती कमांड शेलच्या पोटात आहे.

हे कळलं की पोट्टे दुसऱ्या टोकाला जातात, दिसेल ते सोर्स करतात. शेबँग मग नुसती कॉमेंट उरते, पायथनची फाइलसुद्धा बॅशच वाचायला बसतो. आणि एक्झिट! मी एकदा शेवटी एक्झिट असलेली फाइल सोर्स केली आणि टर्मिनलची खिडकीच गायब. वाटलं लाइन गेली. वर बघतो तर पंखा सुरू. एक्झिटनं माझाच शेल बंद केला होता. सोर्स करायच्या फाइलमध्ये रिटर्न लिहायचं. सेट -ई (कमांड चुकली की शेल बंद कर) तर त्यात नकोच, नाहीतर पुढे साधी कमांड चुकली तरी खिडकी मिटते.

माझा नियम: काम करणारी फाइल './' नं. माझा शेलच बदलायचा असेल तेव्हाच सोर्स, म्हणजे बॅशआरसी (बॅशच्या सेटिंगची फाइल) किंवा पायथनच्या व्हेन्व्हची, म्हणजे प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनची, अ‍ॅक्टिव्हेट फाइल. बॅशमध्ये मी पूर्ण शब्द 'सोर्स' लिहितो, कारण मोबाइलवर पाठवलेल्या कमांडमधला सुटा ठिपका कोणाला दिसत नाही. पण उबुंटूत 'एसएच' या कमांडनं सुरू होणारा शेल म्हणजे 2006 पासून बॅश नाही, डॅश, आणि डॅशला सोर्स हा शब्दच माहीत नाही. तिथे ठिपकाच, आणि नावाआधी './' सकट. स्लॅश नसेल तर फाइल पाथमध्ये शोधली जाते. तिथे फाइल सापडली नाही तर बॅश चालू फोल्डरात बघतो, डॅश बघत नाही.