मंगळाचा बाण, शुक्राचा आरसा

पपईचं नर झाड ओळखणं सोपं. त्याची बारीक फुलं लांब, लोंबत्या देठांवर घोसाने येतात. मादी फूल मात्र खोडाला बिलगून बसतं आणि बुडाशी चांगलं गुबगुबीत असतं, कारण तिथे अंडाशय असतो. वहीत याची नोंद दोन खुणांनी होते. वर्तुळाच्या खांद्यावर तिरपा बाण म्हणजे नर. वर्तुळाखाली अधिकचं चिन्ह म्हणजे मादी. या खुणा रोमन देवांच्या आणि त्यांच्या नावांच्या ग्रहांच्या आहेत: पहिली युद्धदेव मार्सची, म्हणजे मंगळाची; दुसरी प्रेमदेवता व्हीनसची, म्हणजे शुक्राची.

त्या जीवशास्त्रात आणल्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने. 1751च्या संकरित वनस्पतींवरच्या प्रबंधात मातृवृक्ष कोणता, पितृवृक्ष कोणता हे थोडक्यात लिहायला त्याने किमयागारांची जुनी लघुलिपी उचलली. किमयागारांच्या लेखी ग्रह, देव आणि धातू एकच: मार्स म्हणजे लोखंड, व्हीनस म्हणजे तांबं. (मंगळाची लाल धूळ खरोखरच लोहाचा ऑक्साइड निघाली, हा निव्वळ योगायोग. त्यात प्राचीनांचं गूढ ज्ञान शोधू नये.)

बाण म्हणजे मार्सचा भाला आणि वर्तुळ-दांडा म्हणजे व्हीनसच्या हातातला आरसा, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. छान आहे, पण बहुधा नंतर रचलेली. विल्यम स्टर्न या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1962 साली या खुणांचा माग काढला. त्याला पटलेलं उत्तर फार रुक्ष होतं: ग्रहांच्या ग्रीक नावांतली अक्षरं घाईघाईत लिहिता लिहिता झिजली आणि त्यांची चिन्हं झाली. आरशापेक्षा मला हेच जास्त खरं वाटतं; रोज लिहिणाऱ्याचा हात असाच आळशी असतो.

लिनियस तेवढ्यावर थांबला नाही. झाडाचं आयुष्यही त्याने ग्रहांच्या खुणांनी मोजलं. एका वर्षात आटोपणाऱ्या झाडाला सूर्य. पहिल्या वर्षी मूळ पोसून दुसऱ्या वर्षी फुलणाऱ्या गाजरासारख्या द्विवर्षायूला मंगळ, कारण मंगळाची सूर्याभोवतीची फेरी 687 दिवसांची, म्हणजे दोन वर्षांना थोडी कमी. बहुवर्षायू रोपांना बारा वर्षांचा गुरू. लाकूड धरणाऱ्या झाडाझुडपांना सुमारे साडेएकोणतीस वर्षांचा संथ शनी. यात मंगळाला दोन नोकऱ्या लागल्या, नराची आणि द्विवर्षायूची. लिनियसचं त्यामुळे काही अडलं नाही.

मंगळवार-शुक्रवारचे ग्रह रोमनांचे आणि आपले तेच. फरक शुक्रात पडतो. रोममध्ये तो ग्रह देवी. आपल्याकडे दैत्यांचे गुरू, शुक्राचार्य. शिवाय संस्कृतात शुक्र म्हणजे वीर्य, शुक्राणू हा शब्द त्यातलाच. लिनियस स्वीडनमधल्या उप्सालाऐवजी पैठणला शिकवत असता, तर पपईच्या त्या लोंबत्या घोसापुढे आज शुक्राची खूण दिसली असती.