रशियन जेवण म्हणजे केवळ मांसाहार नव्हे

रशियातील छोट्या उपाहारगृहात शाकाहारी माणसाला पाव आणि चहाखेरीज काही मिळत नाही, हा आपल्याकडे वर्षानुवर्षे पसरलेला समज वस्तुस्थितीला धरून नाही. रशियातील प्रमुख ख्रिस्ती पंथ असलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात उपवासाचे दिवस वर्षाकाठी सुमारे २०० भरतात आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडी हे सारेच वर्ज्य असते. त्यामुळे ईस्टरपूर्वीच्या सात आठवड्यांत मॉस्कोतील अनेक लहान उपाहारगृहेही उपवासाच्या पदार्थांची वेगळी यादी ठेवतात. त्या यादीतील ‘विनेग्रेत’ अवश्य मागवावे : उकडलेले बीट, बटाटा व गाजर यांच्या बारीक फोडी, खारवलेली काकडी, आंबवलेला कोबी आणि वरून न तापवलेले सूर्यफुलाचे तेल. बिटाच्या रंगाने बटाटाही जांभळा होतो आणि त्याच्या गोडसरपणाला काकडीचा आंबटपणा फार सुरेख तोलतो. परतलेला कांदा व अळिंबी घातलेला कुट्टूचा मोकळा ‘काशा’, म्हणजे भातासारखे शिजवलेले दाणे, हाही पोटभरीचा असतो. मात्र उपवासाच्या यादीबाहेरचे बिटाचे ‘बोर्श्त’ किंवा कोबीचे ‘श्ची’ हे सूप, वर मांसाचा तुकडा दिसत नसला तरी, बहुधा हाडांच्या पाण्यात शिजवलेले असते, शिवाय उपवासातही काही दिवशी मासे चालतात. म्हणून मागवण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे.