थेट प्रवेश : लहान द्वीपराष्ट्रे आणि हवामान निधी

थेट प्रवेश : हवामानबदलाला तोंड देण्यासाठी उभारलेल्या आंतरराष्ट्रीय निधीतला पैसा संयुक्त राष्ट्रांची एखादी संस्था किंवा विकास बँक मध्ये न घेता, आपल्याच देशातील वा प्रदेशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत मिळवण्याची व्यवस्था. प्रकल्प कुठे करायचा, निविदा कशा काढायच्या, हिशेब कुणी ठेवायचा आणि चूक झाली तर उत्तर कुणी द्यायचे, हे सारे या व्यवस्थेत त्या देशातल्या संस्थेकडे येते. ही सोय सर्वच विकसनशील देशांना आहे. मात्र तिची निकड आणि तिच्यातली अडचण, दोन्ही सर्वांत जास्त जाणवतात ती पॅसिफिक, कॅरिबियन आणि हिंदी महासागरातील लहान द्वीपराष्ट्रांना. तुवालूची लोकसंख्या सुमारे ११ हजार आहे, कुक बेटांची सुमारे १५ हजार. महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या गावात मावतील एवढ्या लोकांचे हे देश आहेत, पण निधीच्या दारात त्यांच्या मोजक्या अधिकाऱ्यांकडून मोठ्या बँकेला शोभेल अशी कागदपत्रे मागितली जातात.

उगम : समुद्रपातळी वाढली तर आपले काय, हा प्रश्न द्वीपराष्ट्रांनी फार लवकर विचारला. नोव्हेंबर १९८९ मध्ये मालदीवची राजधानी माले येथे लहान राष्ट्रांची परिषद भरली आणि तिने याविषयी जाहीरनामा काढला. पुढच्याच वर्षी लहान द्वीपराष्ट्रांची आघाडी स्थापन झाली. तिच्या वतीने वानुआतूने १९९१ मध्ये, समुद्रपातळीवाढीने होणाऱ्या हानीसाठी आंतरराष्ट्रीय विमानिधी असावा असा प्रस्ताव मांडला. त्या वेळी तो मान्य झाला नाही. १९९२ च्या रिओ परिषदेत या राष्ट्रांना विकासाच्या दृष्टीने वेगळा गट म्हणून मान्यता मिळाली आणि हवामान करारानुसार पैसा वाहू लागला, पण तो ठरावीक आंतरराष्ट्रीय संस्थांच्या हातून. प्रस्ताव त्यांचे सल्लागार लिहीत, व्यवस्थापनाचे शुल्क त्यांच्याकडे जाई आणि प्रकल्प संपला की त्यातला अनुभवही त्यांच्याबरोबर निघून जाई. बेटावरच्या खात्याला पुढचा प्रस्ताव पुन्हा पहिल्या पानापासून दुसऱ्याकडूनच लिहून घ्यावा लागे.

बदल घडला तो क्योतो कराराखालच्या अनुकूलन निधीमुळे, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांसाठीच्या निधीमुळे. २००१ मध्ये मराकेशला या निधीचा निर्णय झाला आणि २००७ मध्ये बालीच्या बैठकीत त्याचे मंडळ नेमले गेले. या निधीचे उत्पन्न देणगीदारांच्या मर्जीवर पूर्णपणे अवलंबून नव्हते. स्वच्छ विकास यंत्रणेतून, म्हणजे विकसनशील देशांतल्या उत्सर्जनकपातीच्या प्रकल्पांतून, निघणाऱ्या विक्रीयोग्य कार्बन क्रेडिटपैकी २ टक्के थेट निधीकडे येत. मंडळाच्या १६ जागांमध्ये विकसनशील देशांचे बहुमत आहे आणि एक जागा लहान द्वीपराष्ट्रांसाठी राखीव आहे. पैसा स्वतःचा आणि मंडळात आपली माणसे, म्हणून ‘आमच्या संस्थेलाच पैसे द्या’ ही मागणी इथे नियमात उतरू शकली. मार्च २०१० मध्ये सेनेगलमधील पर्यावरण-निरीक्षण केंद्राला राष्ट्रीय अंमलबजावणी संस्था म्हणून पहिली मान्यता मिळाली. त्याच वर्षी जमैकाच्या नियोजन संस्थेलाही ती मिळाली, आणि एक द्वीपराष्ट्र आपल्याच सहीने निधी उचलू लागले.

जमैकाचा प्रकल्प २०१२ मध्ये मंजूर झाला. रक्कम सुमारे १ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळी एका देशाला मिळू शकणारी जवळजवळ कमाल. शेतीला पाणी, डोंगरउतारावरची माती टिकवणे आणि किनारा सावरणे अशी कामे त्यात होती. नेग्रिलच्या प्रसिद्ध वाळूच्या किनाऱ्यासमोर समुद्रात लाटारोधक बंधारे घालण्याच्या योजनेला मात्र स्थानिकांनी, विशेषतः पर्यटन व्यावसायिकांनी, कडाडून विरोध केला आणि तो भाग अखेर सोडून द्यावा लागला. थेट प्रवेशाचे टीकाकार अशा वेळी अपयशाकडे बोट दाखवतात. प्रस्तुत लेखकाला त्यात व्यवस्थेचे बळ दिसते. नेग्रिलच्या लोकांना विरोध नोंदवायला परदेशी कार्यालयाचा पत्ता शोधावा लागला नाही. निर्णय घेणारी संस्था किंग्स्टनमध्येच होती.

हरित हवामान निधी आणि मान्यतेचा उंबरठा : २०१० मध्ये कानकून येथे हरित हवामान निधी स्थापन करण्याचे ठरले. त्याचे मुख्यालय दक्षिण कोरियात सोंगदो येथे आहे. निधीचा अर्धा भाग अनुकूलनासाठी, आणि त्यातला किमान अर्धा अल्पविकसित देश, लहान द्वीपराष्ट्रे व आफ्रिकी देशांसाठी, असे त्याचे उद्दिष्ट आहे. थेट प्रवेश या निधीच्या रचनेत सुरुवातीपासूनच होता. २०१५ च्या पॅरिस कराराच्या ९ व्या कलमात तर मंजुरीची पद्धत सोपी करण्याची आणि पूर्वतयारीला मदत देण्याची अपेक्षा अल्पविकसित देश व लहान द्वीपराष्ट्रांचा खास उल्लेख करून नोंदवली आहे. तरीही नोव्हेंबर २०१५ मध्ये झांबियात या निधीने मंजूर केलेल्या पहिल्या ८ प्रकल्पांकडे पाहावे. त्यांत मालदीवचा पिण्याच्या पाण्याचा आणि फिजीचा शहरी पाणीपुरवठ्याचा असे द्वीपराष्ट्रांचे दोन प्रकल्प होते. पहिला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत आला, दुसरा आशियाई विकास बँकेमार्फत.

याचे कारण मान्यतेच्या अटींत आहे. अर्जदार संस्थेला लेखापरीक्षण, अंतर्गत नियंत्रण, खरेदीचे नियम, गैरव्यवहाराची चौकशी, पर्यावरणीय व सामाजिक खबरदारी आणि स्त्री-पुरुष समानता यांविषयी लेखी धोरण दाखवावे लागते. ते प्रत्यक्षात पाळले जाते याचे गेल्या काही वर्षांचे पुरावेही द्यावे लागतात. या अटी अन्यायकारक नाहीत. जनतेचा पैसा आहे, तो नीट वापरला जाईल याची खात्री मागणे रास्तच आहे. अडचण आकाराची आहे. ज्या खात्यात एकच अधिकारी हवामान वाटाघाटींना जातो, वादळानंतर मदतकार्य पाहतो आणि अर्थसंकल्पही लिहितो, तिथे अंतर्गत लेखापरीक्षणाचा स्वतंत्र विभाग कुठून आणायचा? आणि ज्या संस्थेने आजवर मोठा प्रकल्प हाताळलाच नाही, तिने तो हाताळल्याचा पुरावा कसा द्यायचा? याचा परिणाम असा की हरित हवामान निधीच्या मान्यताप्राप्त संस्थांमध्ये थेट प्रवेशाच्या संस्था निम्म्याहून अधिक असल्या, तरी मंजूर रकमेत त्यांचा वाटा साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास राहिला आहे.

हा उंबरठा खाली आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. अनुकूलन निधीने २०१५ मध्ये छोट्या संस्थांसाठी सुटसुटीत मान्यता-पद्धत आणली. सुमारे १० लाख डॉलरपर्यंतचे प्रकल्प राबवणाऱ्या आणि जेमतेम २५ पर्यंत तज्ज्ञ कर्मचारी असणाऱ्या संस्थेलाही तिच्यातून दार उघडले. सर्व अटी कायम ठेवून त्या पूर्ण करण्याचे मार्ग मात्र तिने वेगळे मानले. उदाहरणार्थ, स्वतंत्र विभागाऐवजी बाहेरचा लेखापरीक्षक चालतो. हरित हवामान निधीत संस्थांचे प्रकल्पाच्या आकारानुसार वर्ग आहेत आणि सर्वांत लहान वर्ग १ कोटी डॉलरपर्यंतचा आहे. छोट्या, कमी जोखमीच्या प्रकल्पांसाठी सोपी मंजुरी-पद्धत २०१७ पासून सुरू झाली. तिची मर्यादा आधी १ कोटी डॉलर होती, २०२२ मध्ये ती अडीच कोटींवर नेली गेली.

अँटिग्वा आणि बार्बुडा : या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने सर्वांत आधी पाहावे असे उदाहरण. या देशाच्या पर्यावरण विभागाने प्रकल्पापेक्षा संस्था उभारण्यावर आधी भर दिला. देशांतर्गत निधी कायद्याने स्थापला, खरेदी आणि हिशेबाची पद्धत बसवली, आणि मग अनुकूलन निधीची व ऑक्टोबर २०१७ मध्ये हरित हवामान निधीची मान्यता मिळवली. त्याच्या महिनाभर आधी इर्मा चक्रीवादळाने बार्बुडा बेट इतके उद्ध्वस्त केले की तिथल्या सुमारे १,८०० रहिवाशांना अँटिग्वाला हलवावे लागले. त्याच महिन्यात मारिया वादळाने शेजारच्या डॉमिनिकाचे जे नुकसान केले, ते त्या देशाच्या वार्षिक सकल उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होते. अशा ठिकाणी मंजुरीला लागणारे प्रत्येक वर्ष म्हणजे वादळांचा आणखी एक हंगाम.

अनुकूलन निधीतून मिळालेल्या सुमारे १ कोटी डॉलरमध्ये अँटिग्वाच्या वायव्येकडील मॅकिनन्स पाणलोटातले नाले आणि जलमार्ग सुधारण्याचे काम हाती घेतले गेले. त्याचबरोबर, ज्यांना बँक कर्ज देत नाही अशा घरमालकांना छप्पर मजबूत करणे, पाणी साठवणे यांसाठी फिरत्या निधीतून (परत आलेल्या हप्त्यांतून पुढची कर्जे देणाऱ्या) कमी व्याजाचे कर्ज, आणि स्थानिक संघटनांना अनुदान अशी योजना केली. पुढे २०१८ मध्ये हरित हवामान निधीने २ कोटी डॉलर दिले ते ‘वर्धित थेट प्रवेश’ या प्रकाराखाली. यात निधीचे मंडळ एकेका छोट्या कामाला मंजुरी देत नाही. रक्कम एकदा देशाकडे आली की कोणत्या गावाला, कोणत्या संघटनेला किती द्यायचे हे देशातली समिती ठरवते. अँटिग्वाच्या विभागाने ही रक्कम डॉमिनिका आणि ग्रेनाडा यांनाही सोबत घेऊन मिळवली. म्हणजे एका लहान देशाने मिळवलेली मान्यता शेजाऱ्यांच्याही कामी आली. २०२० मध्ये इमारती वादळ, पूर आणि दुष्काळात टिकाव्यात यासाठी ३ कोटी २७ लाख डॉलरचे अनुदान याच विभागाने मिळवले.

पॅसिफिकमधील वाट : इथे देश आणखी लहान आणि अंतरे अफाट. म्हणून सुरुवात प्रादेशिक संस्थांनी केली. सामोआतील प्रादेशिक पर्यावरण कार्यक्रमाला हरित हवामान निधीने मार्च २०१५ मध्ये, पहिल्या ७ संस्थांच्या तुकडीतच मान्यता दिली. कॅरिबियनमध्ये बेलिझस्थित हवामानबदल केंद्र हे काम करते. प्रादेशिक संस्थेचा फायदा उघड आहे : एकदा केलेली कागदपत्रे अनेक देशांना पुरतात. पण एका देशाचा प्राधान्यक्रम तिथे दहा-पंधरा देशांच्या रांगेत उभा राहतो, म्हणून काही देशांनी राष्ट्रीय मान्यतेचाही आग्रह सोडला नाही. पोनपे बेटावरच्या मायक्रोनेशिया संवर्धन न्यासाने आधी अनुकूलन निधीच्या सुटसुटीत पद्धतीतून मान्यता घेतली, १० लाख डॉलरच्या आतला प्रकल्प मिळवला, २०१७ मध्ये हरित हवामान निधीची मान्यता मिळवली आणि २०२१ मध्ये शेतकरी कुटुंबांच्या अन्नसुरक्षेचा मोठा प्रकल्प आणला. लहान रकमेवर हात बसवून मोठ्या रकमेकडे जाण्याची ही वाट बहुतेक द्वीपराष्ट्रांना सोसेल अशी आहे. फिजीत हे काम देशाच्या विकास बँकेने अंगावर घेतले.

कुक बेटांच्या अर्थ मंत्रालयाला २०१६ मध्ये अनुकूलन निधीची आणि २०१८ मध्ये हरित हवामान निधीची मान्यता मिळाली. ती वेळेवर मिळाली असे म्हणावे लागते. जानेवारी २०२० पासून हा देश उच्च उत्पन्न गटात धरला गेला आणि अधिकृत विकास मदतीस अपात्र ठरला. सरासरी उत्पन्न वाढले म्हणून चक्रीवादळ कमी जोराने येत नाही. हवामान निधी मात्र उत्पन्नाची ही रेषा लावत नाही, त्यामुळे अशा देशांना तोच मुख्य आधार उरतो. उत्पन्नाऐवजी असुरक्षितता मोजणारा बहुआयामी निर्देशांक संयुक्त राष्ट्र आमसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये स्वीकारला, त्यामागेही द्वीपराष्ट्रांचाच रेटा होता.

मदतीची साधने : दोन्ही निधी पूर्वतयारीसाठी अनुदान देतात. अनुकूलन निधीच्या दक्षिण-दक्षिण सहकार्य योजनेत आधी मान्यता मिळालेली संस्था दुसऱ्या देशाला अर्ज करायला शिकवते. सेनेगलच्या केंद्राने केप व्हर्दे या द्वीपराष्ट्राला असेच साहाय्य दिले. राष्ट्रकुलाने मॉरिशसमध्ये पोर्ट लुई येथे हवामान वित्त साहाय्य केंद्र उभारले, ते २०१६ पासून चालू आहे. हे केंद्र सल्लागाराला त्या देशाच्या मंत्रालयातच बसवते. बाहेरून येऊन आठवडाभराची कार्यशाळा घेऊन जाणाऱ्या तज्ज्ञापेक्षा वर्षभर शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस जास्त उपयोगी पडतो. मात्र तो बदलून गेल्यावर ते काम करणारा स्थानिक कर्मचारी नेमलेला नसेल तर सारे पुन्हा मूळपदावर येते. प्रशिक्षित माणूस चांगल्या पगारासाठी ऑकलंड किंवा टोरंटोला निघून जाण्याचे दुःख या देशांना नवे नाही.

शुल्काचा मुद्दाही किरकोळ नाही. अनुकूलन निधीत अंमलबजावणी संस्थेला प्रकल्प-रकमेच्या ८.५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येते. १ कोटी डॉलरच्या प्रकल्पावर हे साडेआठ लाख डॉलर होतात. राष्ट्रीय संस्था असेल तर त्यातून देशातल्याच लेखापालांचे आणि अभियंत्यांचे पगार निघतात.

भारत आणि मराठी मुलूख : भारतात थेट प्रवेशाची पहिली संस्था म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेली नाबार्ड. तिला २०१२ मध्ये अनुकूलन निधीची आणि २०१५ मध्ये हरित हवामान निधीची मान्यता मिळाली. याउलट महाराष्ट्र, ओडिशा आणि आंध्र प्रदेशाच्या किनारी समुदायांसाठीचा, सिंधुदुर्गातही काम करणारा प्रकल्प २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत मंजूर झाला, त्यात हरित हवामान निधीचे ४ कोटी ३४ लाख डॉलर आहेत. नाबार्डसारखी मोठी बँक हाताशी असलेला देशही दोन्ही वाटा वापरतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज ज्या मॉरिशसमध्ये राहतात, तिथल्या मोंशुआझीसारख्या किनाऱ्यांच्या रक्षणाचा अनुकूलन निधीचा प्रकल्पही विकास कार्यक्रमामार्फतच आला होता.

अलीकडील घडामोडी : २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत विकसनशील देशांच्या हवामानकार्यासाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले. त्यात आपल्यासाठी किमान ३९ अब्ज राखून ठेवावेत ही द्वीपराष्ट्रांची मागणी मान्य झाली नाही आणि त्यांचे प्रतिनिधी एका बैठकीतून उठून गेले. हवामानबदलामुळे झालेल्या हानीसाठी मदत देणाऱ्या हानी व नुकसान निधीत मात्र त्यांनी थेट प्रवेशाची बाजू अधिक भक्कम केली. हा निधी २०२२ मध्ये शर्म-अल-शेख येथे मान्य झाला आणि २०२३ मध्ये दुबईत कार्यान्वित झाला. एप्रिल २०२५ मध्ये बार्बाडोसमधील बैठकीत त्याच्या मंडळाने पहिल्या टप्प्यासाठी २५ कोटी डॉलर ठेवले. त्यातले किमान निम्मे लहान द्वीपराष्ट्रे आणि अल्पविकसित देशांसाठी आहेत, आणि एका प्रस्तावाला ५० लाख ते २ कोटी डॉलर मिळू शकतात. या टप्प्यात देशाच्या अर्थसंकल्पाला थेट आधार देण्याची वाटही खुली ठेवली आहे. म्हणजे पैसा देशाच्या तिजोरीत येईल आणि देशाच्याच लेखापरीक्षणाखाली खर्च होईल. वानुआतूने १९९१ मध्ये जे मागितले होते, त्याच्या जवळ जाणारी ही पहिली तरतूद आहे.