थंडीत डिझेल ट्रकचा पांढरा धूर: इंधन की कूलंट?

लेहमध्ये जानेवारीच्या पहाटे पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. रात्रभर उघड्यावर उभा असलेला ट्रक अशा वेळी सुरू केला आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, तर तो बहुतेक वेळा बिघाड नसतो. मात्र तोच धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी रोज थोडी थोडी उतरू लागली, तर दोष हेड गॅस्केटपर्यंत, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण (हेड) यांच्यामधल्या सीलपर्यंत, पोहोचलेला असू शकतो. म्हणून धुराच्या रंगापेक्षा तो केव्हा येतो, केव्हा थांबतो आणि त्या काळात कूलंटचे काय होते, याकडे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. केवळ पांढरा धूर दिसला म्हणून हेड उतरवणे हा मालकाच्या खिशावर अन्याय आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. दाबल्यावर हवेचे निरपेक्ष तापमान काही पटींनी वाढत असल्यामुळे सुरुवातीचा फरकही तितक्याच पटींनी वाढतो. पुण्यातली 27 अंशांची हवा आणि लेहमधली उणे 20 अंशांची हवा यांच्यातला 47 अंशांचा फरक दाबाच्या अखेरीस शंभराच्या पुढे जातो. त्यात गारठलेली बॅटरी आणि घट्ट झालेले ऑइल यांमुळे सेल्फ इंजिनाला संथ फिरवतो, थंड धातू हवेतली उष्णता शोषून घेतो आणि साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच उरतो. परिणामी डिझेलचे बारीक थेंब न जळताच बाहेर पडतात. हा धूर डोळ्यांना झोंबतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो.

इंजिन तापत गेले की हा धूर विरळ व्हायला हवा. तो रेंगाळला आणि इंजिन अडखळत चालले, तर आत येणारी हवा तापवणारा हीटर किंवा ग्लो प्लग, डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) तपासावे. थंड इंजिन सुरू केल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) प्रत्येक तोंडावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तर जे तोंड इतरांच्या मागे थंडच राहते, त्याच सिलिंडरमध्ये डिझेल नीट पेटत नसते. इंजिन सुरू होऊन पुन्हा बंद पडत असेल, तर फिल्टर पाहावा, कारण मैदानी प्रदेशात भरलेल्या डिझेलमधले मेण गारठ्यात गोठून फिल्टर तुंबवते. याच अडचणीसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले.

थर्मोस्टॅटकडे, म्हणजे रेडिएटरकडे जाणारे कूलंट अडवणाऱ्या झडपेकडे, मात्र फार दुर्लक्ष होते. तो साधारण 82 अंशांच्या आसपास उघडतो. उघडा अडकला, तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरू लागते, तापमानाचा काटा वर चढत नाही, केबिनचा हीटर कोमटच राहतो आणि धूर लांबतो. हेडच्या तुलनेत हा भाग अगदीच स्वस्त आहे.

आणखी एका पांढऱ्या धुराने फसगत होते. एक लिटर डिझेल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि कडाक्याच्या थंडीत ही वाफ धडधाकट इंजिनाच्या मागेही दिसते. तिला झोंबणारा वास नसतो, आणि कूलंटही कमी होत नाही.

कूलंट कमी होत असेल, तर आधी बाहेरची गळती शोधावी. थंडीत रबरी नळ्या आणि क्लॅम्प आकसतात, त्यामुळे पहाटे ठिबकणारा सांधा इंजिन तापल्यावर कोरडा होतो आणि दुपारी तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. बाहेर काहीच नसेल आणि धुराला गोडसर वास असेल, तर कूलंट आत जळत आहे. नव्या गाड्यांमध्ये एक्झॉस्टचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर असतो. तो फुटला तरी लक्षणे गॅस्केटसारखीच दिसतात, म्हणून हेडआधी त्याची तपासणी व्हावी. गॅस्केटची खूण दाबात सापडते: थंड इंजिन सुरू केल्यावर, पाणी तापण्याच्या आतच रेडिएटरची वरची नळी दगडासारखी कडक झाली, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत आहे. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारी थोडीशी पिवळट साय मात्र थंडीत नुसत्या दवामुळेही जमते. डिपस्टिकवरचे सगळे ऑइल दुधाळ झाले असेल, तरच घाबरावे.

कूलंटच्या मिश्रणाचाही यात वाटा असतो. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठते, तर पाण्यात निम्मे मिसळलेले उणे 37 पर्यंत टिकते. वाटेत साधे पाणी घालत आलेल्या गाडीत हे प्रमाण बिघडते, आणि गोठताना सुमारे नऊ टक्के फुगणारे पाणी रेडिएटर किंवा ब्लॉक फोडू शकते. जुन्या कूलंटमधली संरक्षक रसायने संपली, तर वेट लायनर (सिलिंडरचे बाहेरून कूलंटने वेढलेले अस्तर) कंपन पावताना त्याच्या बाहेरून उठणारे सूक्ष्म बुडबुडे फुटून धातू पोखरत जातात आणि अखेरीस आरपार छिद्र पडते.

छिद्र कोणत्या सिलिंडरमध्ये आहे हे ठरवण्यासाठी रात्री, पूर्ण थंड इंजिनाच्या रेडिएटरला हातपंपाने कॅपवर लिहिला असेल तेवढाच दाब देऊन ठेवावा. सकाळी दाब उतरलेला दिसला, तर लगेच सेल्फ मारू नये, कारण सिलिंडरमध्ये साठलेला द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून इंजिन पान्याने हळूहळू फिरवावे. ज्या भोकातून कूलंट बाहेर येईल, तो सिलिंडर दोषी, आणि मग हेड उतरवण्याला आधार मिळतो.