ग्रेट बेअर सरोवरातील लोकाधारित जलतापमान नोंदणी

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशातील ग्रेट बेअर सरोवराच्या पाण्याचे तापमान, बर्फाची स्थिती व तदनुषंगिक बाबी यांची देलिने गावच्या साहतू देने या आदिवासी लोकांनी स्वतः अथवा शास्त्रज्ञांच्या जोडीने ठेवलेली नोंद. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ३१,००० चौ. किमी., म्हणजे गोवा राज्याच्या आठपटींहून अधिक. कमाल खोली सु. ४४६ मी. आर्क्टिक वृत्त त्याच्या उत्तर भागातून जाते. कीथ, मॅकविकार, मॅकटॅव्हिश, डीज व स्मिथ अशा त्याच्या पाच भुजा असून काठावर कायम वस्तीचे गाव एकच, ते देलिने. हे कीथ भुजेवर, ग्रेट बेअर नदीच्या उगमाजवळ वसले असून त्याची वस्ती जेमतेम पाच-सहाशेची आहे. १९९३ पर्यंत ते फोर्ट फ्रँक्लिन या नावाने ओळखले जाई.

तापमानाचे महत्त्व : गोड्या पाण्याची घनता सु. ४° से.ला सर्वाधिक असते. हिवाळ्यात बर्फालगतचे पाणी ०° से.च्या आसपास, तर खालचे त्याहून किंचित उबदार असते. जून-जुलैत बर्फ फुटल्यावर उन्हाने वरचा थर तापू लागतो, पण तापताना तो जड होतो आणि खाली बसतो. त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. वरचा थर ४° से. ओलांडून हलका झाल्याशिवाय तो वर टिकत नाही, म्हणजेच उन्हाळी स्तरण (उबदार व थंड पाण्याचे वेगळे थर पडणे) होत नाही. समशीतोष्ण प्रदेशातील सरोवरे हा उंबरठा वसंतातच ओलांडतात. ग्रेट बेअरच्या खोल व उघड्या भागात मात्र पाण्याचा साठा इतका प्रचंड आणि उन्हाळा इतका आखूड, की तेथवर पोहोचेपर्यंत थंडी पुन्हा सुरू होते. अशा सरोवरात अभिसरणाचा (वरचे व खालचे पाणी पूर्ण मिसळण्याचा) काळ वर्षातून एकच व तोही उन्हाळ्यात असतो. सरोवरशास्त्रज्ञ हचिन्सन व लोफ्लर यांच्या १९५६ च्या वर्गीकरणात त्याला ‘शीत एक-अभिसरणी’ असा वर्ग आहे.

ग्रेट बेअर या वर्गात पूर्णपणे बसते का, याविषयी एकवाक्यता नाही. उथळ उपसागरांत उन्हाळ्यात पृष्ठजल ४° से.च्या बरेच वर जाते. काठचे उबदार व मध्यभागाचे थंड पाणी जेथे मिळते, तेथे मिश्रण बरोबर ४° से.ला येऊन सर्वांत जड होते आणि उभ्या पट्ट्याने खाली उतरत राहते. या औष्णिक बांधामुळे काठचे पाणी काही काळ मध्यापासून तुटलेले राहते. त्यामुळे एकाच दिवशी एकाच सरोवराचा एक भाग स्तरित, तर दुसरा अभिसरणात असू शकतो. दाबामुळे प्रश्न आणखी अवघड होतो. कमाल घनतेचे तापमान दर १०० मी. खोलीला सु. ०·२° से.ने उतरते; म्हणजे ४०० मीटरांवर ते ३·२° से.च्या आसपास येते. परिणामी ४° से.चे पाणी आपल्या भाराने थेट तळाशी जाऊ शकत नाही. काहीशे मीटरांखालच्या पाण्याची अदलाबदल होण्यास वाऱ्याचा जोर लागतो. शास्त्रज्ञ लायोनेल जॉन्सन यांनी १९६० च्या दशकात केलेल्या पाहणीनंतर १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कमाल घनतेच्या तापमानाचा या सरोवरातील अभिसरणाशी संबंध तपासला. पुढील बहुतेक लेखन त्यावरच उभे आहे. सरोवर एकसंध मानून त्याला एक वर्ग देण्यापेक्षा भुजागणिक विचार करणे अधिक सयुक्तिक दिसते. तसे करायचे, तर प्रत्येक भुजेतील, प्रत्येक खोलीवरील मोजमापे हवीत, आणि ती उपग्रहाकडून मिळत नाहीत. उपग्रहाला कळते ते पृष्ठावरील मिलिमीटरहूनही पातळ थराचे तापमान, तेही ढग नसताना. येथे गावकऱ्यांच्या नोंदींना किंमत येते.

सजीवसृष्टीच्या दृष्टीनेही हा उंबरठा दुर्लक्षण्याजोगा नाही. मायसिससारखे हिमयुगाचे अवशेष मानले जाणारे कवचधारी जीव आणि गावाच्या आहारातला मुख्य मासा असलेला लेक ट्राउट, हे दोन्ही थंड पाण्याचे. या ट्राउटची सु. ३० मी. खोलीपर्यंतच्या पाण्यात राहणारी किमान चार वेगवेगळी रूपे संशोधकांनी नोंदवली आहेत. उबेचा फरक सर्वप्रथम जाणवेल तो याच थरात.

प्रारंभाचा वाद : नोंदणी नेमकी कधीपासून धरावी, यावर तीन मते आढळतात. पहिल्या मताप्रमाणे ती ब्रिटिश समन्वेषक जॉन फ्रँक्लिन यांच्या दुसऱ्या मोहिमेपासून धरावी. १८२५–२७ या काळात त्या तुकडीने दोन हिवाळे येथे काढले व हवामानाच्या नोंदी ठेवल्या. शिकार व मासळी पुरवणारे स्थानिक लोक नसते, तर ती तुकडी तगली नसती हे खरे. पण काय मोजायचे हे त्या स्थानिकांनी ठरवले नव्हते. दुसरे मत जॉन्सन यांच्या पाहणीकडे बोट दाखवते, मात्र तीही बाहेरून आलेली सरकारी पाहणी होती. तिसऱ्या मताप्रमाणे खरा प्रारंभ २००५ च्या ‘द वॉटर हार्ट’ या सरोवर व पाणलोट व्यवस्थापन आराखड्यापासून होतो. प्रस्तुत लेखात हेच मत ग्राह्य धरले आहे, कारण सरोवर कोणासाठी व कशासाठी तपासायचे, हे गावातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून प्रथम लेखी ठरले ते त्यात.

त्यामागे जुनी कटुताही होती. मॅकटॅव्हिश भुजेवरील पोर्ट रेडियम येथे १९३० च्या दशकात रेडियमसाठी व १९४२ ते १९६० या काळात युरेनियमसाठी खाण चालली. खनिजाची पोती वाहणाऱ्यांत देने पुरुष होते आणि त्या मालाच्या धोक्याची त्यांना कल्पना नव्हती, असे गावाचे म्हणणे आहे. या प्रकरणी १९९९ मध्ये कॅनडा सरकार व देलिने यांचे संयुक्त मंडळ नेमले गेले. त्याचा अंतिम अहवाल २००५ मध्ये आला. पाण्याविषयी इतरांचा शब्द प्रमाण मानायचा नाही, ही गावाची वृत्ती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

श्रद्धा व अधिकार : काये दाओये नावाच्या पूर्वजाने सरोवरात चार गळ टाकले. त्यांतला एक गळ एका माशाने तोडून नेला. गळ दुर्मीळ असण्याचा तो काळ. रात्री स्वप्नात तो त्या माशाबरोबर पाण्यात उतरला आणि सरोवराच्या मध्यभागी त्याला धडधडते ‘जलहृदय’ आढळले. सर्व जिवांना जीवन देणारे ते हेच, अशी समजूत असून २००५ च्या आराखड्याचे नाव त्यावरूनच आले. एह्त्सेओ आयहा (मृत्यू १९४०) या देने द्रष्ट्याने पुढे कधीतरी जगभरचे लोक शेवटच्या पाण्यासाठी या सरोवराकडे येतील असे भाकीत केल्याचे सांगतात. अशा कथा मोजमापाच्या आड येतात असा काहींचा सूर असतो. देलिनेत मात्र मोजण्याची सक्ती त्यांच्यातूनच आलेली दिसते.

१९९३ चा साहतू देने व मेती (मिश्रवंशीय समाज) जमीन-हक्क करार, मार्च २०१६ मध्ये युनेस्कोने घोषित केलेले सु. ९३,३०० चौ. किमी.चे त्सा तुए जीवावरण क्षेत्र आणि १ सप्टेंबर २०१६ पासून कारभार पाहणारे देलिने गोतिने शासन, हे अधिकाराचे टप्पे होत. एखाद्या आदिवासी समाजाच्या पुढाकाराने चालणारे त्सा तुए हे जगातील पहिले जीवावरण क्षेत्र मानले जाते.

पद्धती : २०१० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कॅनडाचे मत्स्य व महासागर खाते आणि गावातील संसाधन परिषद यांनी मासे व पाणी यांची एकत्र पाहणी चालवली. दर उन्हाळ्यात एकेका भुजेकडे वळण्याची तिची पद्धत. जाळी टाकतानाच तापमान व विरघळलेला ऑक्सिजन मोजला जातो. प्रादेशिक सरकारचा २०१२ पासूनचा लोकाधारित जलगुणवत्ता कार्यक्रम निराळा असून त्यात गावोगावचे निरीक्षक हाती धरायच्या संवेदकांनी तापमान, सामू, गढूळपणा व विद्युत् संवाहकता टिपतात. त्याची आकडेवारी मॅकेन्झी डेटास्ट्रीम या खुल्या संग्रहात ठेवली जाते.

उन्हाळ्यात नांगराला बांधलेल्या दोरावर ठरावीक अंतराने नोंदयंत्रे लावतात. वरचा तरंगा पृष्ठभागापासून बराच खाली ठेवावा लागतो, नाहीतर सरकता बर्फ सगळा दोर ओढून नेतो. हिवाळ्यात गिरमिटाने भोक पाडून संवेदक सोडतात. तो वर काढताच −३०° से. हवेत त्यावरचे पाणी गोठते व पुढचे वाचन चुकते, म्हणून स्लेजवर उबदार पेटी लागते. मोहिमेपूर्वी संवेदक ठेचलेला बर्फ व पाणी यांच्या मिश्रणात बुडवून ०° दाखवतो का, ते पाहतात. वरील वाद दोन-तीन दशांश अंशांचा असल्याने ही साधी पायरी टाळली, तर खोल पाण्याच्या नोंदी निरुपयोगी ठरतात.

याखेरीज बर्फ केव्हा धरला, केव्हा उभ्या काड्यांत सुटू लागला, माशाचे मांस कधी मऊ लागले, या जाणत्यांच्या नोंदी आहेत. त्या आकड्यांत बसत नसल्या तरी काळाने लांब पोहोचतात. ट्युलिटा या गावाहून देलिनेला येणारा हिवाळी रस्ता शेवटच्या टप्प्यात सरोवराच्या बर्फावरून जातो. मार्च २०१६ मध्ये गावाजवळ इंधनाचा टँकर बर्फात अडकला, तेव्हापासून बर्फाच्या जाडीकडे अधिक लक्ष दिले जाते.

मर्यादा : नोंदी कीथ भुजेभोवती दाट, तर डीज व स्मिथ भुजांत विरळ आहेत, इंधनाचा खर्च आणि उघड्या पाण्यावरचा वारा ही त्याची कारणे उघड आहेत. सलगतेच्या बाबतीत रशियातील बैकल सरोवराशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे मिखाईल कोझोव यांनी १९४५ मध्ये सुरू केलेली नोंद कन्या ओल्गा व नात ल्युबोव इझ्मेस्तेवा यांनी एकाच ठिकाणी चालू ठेवली. तिच्या आधारे १९४६ पासूनच्या सुमारे सहा दशकांत पृष्ठजल १·२१° से.ने तापल्याचे २००८ मध्ये दाखवता आले. ग्रेट बेअरसाठी असा एकच आकडा देणे तूर्त धाडसाचे होईल. दक्षिणेकडील ग्रेट स्लेव्ह सरोवर उन्हाळ्यात नियमित स्तरित होते. तेथे लुत्सेल के गावचे नी हत्नी देने रक्षक २००८ पासून गस्तीबरोबरच पाण्याचीही तपासणी करतात.