हलके लिंब्स आणि स्मूथ लिंब्स : बोटांना नेमकं काय कळतं?

पावसाळ्याच्या तोंडावर मुलुंडच्या आमच्या तिरंदाजीच्या मैदानावर एक गृहस्थ तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. ओळखीच्यांकडून दोन दिवसांसाठी लिंब्सच्या, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांच्या, दोन जोड्या मागून आणल्या होत्या. दोन्हींवर छापलेला आकडा एकच, ६८-३६, म्हणजे धनुष्याची लांबी ६८ इंच आणि ओढायचं वजन ३६ पाउंड. मुलीने आपल्या रायझरवर, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागावर, आळीपाळीने दोन्ही चढवल्या, दहा-बारा वेळा ओढून पाहिलं आणि दुसऱ्या जोडीवर हात ठेवला. "मॅडम, हे एकदम स्मूथ आहेत." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, "मग हेच घेऊन टाकू ना?"

मी थांबा म्हटलं. पूर्वी याच शब्दावर विसंबून मी एका मुलाला लिंब्स बदलायला लावले होते. तो खूश होता, ओढणं सोपं झालं होतं. ७० मीटरवर गेल्यावर मात्र त्याची साइट (नेम धरायची, वरखाली सरकणारी खूण) इतकी खाली सरकवावी लागली की बाण सुटताना साइटला घासायची भीती वाटू लागली. लिंब्स स्मूथ नव्हतेच, त्याच्या बोटांवर ते फक्त कमी पाउंडाचे होते. त्याचा अख्खा मोसम त्यात गेला, आणि ती चूक माझी होती.

हलकं म्हणजे तुमच्या पूर्ण ड्रॉवर, म्हणजे दोरी पूर्ण ओढून हनुवटीखाली हात टेकल्यावर, बोटांवर किती पाउंड आले. हा एकच आकडा असतो. स्मूथ म्हणजे तिथवर पोचताना दर इंचाला वजन कसं वाढत गेलं. ही चढण असते. शेवटच्या इंचांत वजन एकदम चढू लागलं तर त्याला आपण स्टॅकिंग म्हणतो. दोरी आणि लिंबचं टोक यांच्यातला कोन काटकोनाकडे जाऊ लागला की तरफेचा फायदा संपत जातो आणि तेवढ्याच इंचासाठी जास्त जोर लागतो. वळण खोल असलेल्या लिंब्समध्ये हा कोन उशिरा उघडतो, म्हणून त्यांची चढण शेवटपर्यंत सरळ राहते.

चाळीतले दोन जिने डोळ्यांसमोर आणा. दोन्ही एकाच मजल्यावर पोचतात. एकाच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत. दुसऱ्याच्या वरच्या पायऱ्या गुडघ्याएवढ्या, त्यामुळे खालचा भाग कमी चढाचा. आता मजल्यावर न जाता दोन पायऱ्या आधीच थांबलात, तर दुसऱ्या जिन्यावर तुम्ही कमी उंचीवर असाल आणि दमही कमी लागला असेल. म्हणून तो जिना चांगला ठरत नाही.

लिंबवरचे ३६ पाउंड हे २८ इंच ड्रॉचे असतात, तेही २५ इंची रायझरवर. (२३ इंची रायझरवर तेच लिंब्स ६६-३८ होतात. बऱ्याच लिंब्सवर दोन्ही आकडे छापलेले असतात आणि नवखे पालक त्यातला सोयीचा वाचतात.) आणि २८ इंच म्हणजे बाणाची लांबी नव्हे. नॉकच्या, म्हणजे बाणाच्या शेपटाला दोरीत बसणाऱ्या तुकड्याच्या, खाचेपासून ग्रिपच्या सर्वांत खोल बिंदूपर्यंत मोजायचं आणि त्यात पावणेदोन इंच मिळवायचे. त्या मुलीचा ड्रॉ असा मोजला तर भरला २६ इंच.

हिशेब सोपा पडावा म्हणून गोल आकडे धरते. पहिली जोडी २६ इंचांवर ३२, २७ वर ३४, २८ वर ३६, २९ वर ३८. दर इंचाला दोनच पाउंड. दुसरी २६ वर साडेतीस, २७ वर ३३, २८ वर ३६, २९ वर साडेएकोणचाळीस. वाढ आधी अडीच, मग तीन, मग साडेतीन. म्हणजे खरी स्मूथ जोडी पहिली. पण २६ इंचांवर थांबणाऱ्या मुलीला दुसरी दीड पाउंड हलकी लागणार, आणि तिची बोटं त्यालाच स्मूथ म्हणणार. त्या चढाच्या पायऱ्यांपर्यंत ती पोचतच नाही.

इथे आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पहिली जोडी सुरुवातीच्या इंचांतच जास्त वजन घेते, म्हणून ओढताना तिच्यात जास्त ऊर्जा साठते. बोटांवर शेवटी सारखाच भार असला तरी बाणाला जास्त वेग देण्याची शक्यता तिच्यात असते. लिंबच्या टोकांचं स्वतःचं वजन कमी असेल तर आणखी फायदा.

म्हणून तुलना करायची ती बोटांवरचं वजन सारखं करूनच. बो-स्केल नसेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा चालतो, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास सहज मिळतो. किलोला २.२ ने गुणलं की पाउंड. तुमचा ड्रॉ जिथे संपतो तिथे बाणावर खूण करा, दोरीला हुक अडकवून त्या खुणेपर्यंत सावकाश ओढा, आकडा लिहा. मग एक इंच आधीचा आणि शक्य असेल तर एक इंच पुढचा. लागोपाठच्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमच्या ड्रॉजवळची चढण. ओढलेली दोरी रिकामी मात्र कधीच सोडायची नाही, लिंब्स तडकतात.

नंतर जड जोडीचे लिंब बोल्ट, म्हणजे लिंब्स रायझरला धरणारे स्क्रू, वरखाली सारखे फिरवून वजन जुळवा. कंपनीने दिलेल्या मर्यादेत दीड-दोन पाउंड सहज निघतात. टिलर, म्हणजे वरच्या आणि खालच्या लिंबपासून दोरीच्या अंतरातला फरक, पुन्हा तपासा. आणि कोणती जोडी चढवली आहे हे धनुर्धराला सांगू नका. लिंब्सवरची नावं, रंग, किंमत यांचा बोटांवर फार परिणाम होतो.

वेग पाहायला यंत्र लागत नाही. तेच बाण, तेच अंतर, तेच वजन ठेवून साइट वर सरकली तर बाण वेगवान आहे. मुंबईत ७० मीटरची मोकळी जागा मिळणं कठीण, पण ३० मीटरवरही फरक दिसतो. १८ वर फार थोडा कळेल.

कोअर, म्हणजे लिंबचा आतला थर, लाकडाचा की फोमचा, हा वाद मी या तुलनेत आणत नाही. फोम हवामानाने कमी बदलतो हे खरं, पण चढण लिंबच्या एकूण आकारातून आणि थरांच्या रचनेतून येते. नुसतं ‘वुड कोअर’ वाचून लिंब्स स्मूथ आहेत असं धरू नये.

त्या दिवशी आम्ही पहिल्या जोडीचे बोल्ट बाहेर घेऊन ती साडेतीसवर आणली. मुलीने पाठमोरं उभं राहून डोळे मिटले, वडिलांनी धनुष्य हातात दिलं, तिने ओढलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. "मॅडम, कळत नाहीये." ३० मीटरवर पहिल्या जोडीने साइट किंचित वर गेली, एवढाच फरक.

वडिलांना मी दोन्ही महाग जोड्या परत करायला सांगितल्या. ती वाढत्या वयात आहे, वर्षा-दोन वर्षांत ड्रॉ २७-२८ वर जाईल, पाउंडही वाढवावे लागतील, तेव्हा आजचे लिंब्स तसेही निघणार. सध्या तिने साधे ३० पाउंडाचे घेतले आहेत, तिच्या ड्रॉवर साडेसव्वीसच्या आसपास भरतात. बाण क्लिकरखालून (ड्रॉ पूर्ण झाला की ‘टक्’ वाजणारी पट्टी) निघताना खांदा वर जात नाही.