कीबोर्ड शॉर्टकटचा क्लॅश

एकच बटणांची जोडी डेस्कटॉपला पण हवी आणि त्यावर चालणाऱ्या ॲप्लिकेशनला पण हवी, अशा वेळी जो गोंधळ होतो त्याला शॉर्टकट क्लॅश म्हणतात. डेस्कटॉप म्हणजे इथं लिनक्सवरचे नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, किंवा विंडोज आणि मॅकचा तो भाग जो खिडक्या हलवतो, स्क्रीन लॉक करतो, टायपिंगची भाषा बदलतो. भांडणात बहुतेक वेळा डेस्कटॉपच जिंकतो आणि बटण दाबलं गेलं होतं हे ॲप्लिकेशनला कळतसुद्धा नाही, त्यामुळं एरर नाही, मेसेज नाही, काहीच नाही, आणि माणूस बिचाऱ्या ॲप्लिकेशनलाच शिव्या घालत बसतो.

सगळ्यात गाजलेली जोडी म्हणजे कंट्रोल+ऑल्ट+एल. इंटेलिजे आयडिया या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही कोड नीट मांडायला वापरतात, आणि एक्सएफसीई किंवा जुन्या नोममध्ये तिनं स्क्रीन लॉक होते. म्हणजे जावाच्या प्रॅक्टिकलला पोरगं कोड फॉरमॅट करायला जातं आणि समोर पासवर्डचा डबा येतो. तसंच कंट्रोल+ऑल्ट+डावा बाण, इंटेलिजेत मागच्या जागी नेतो, नोममध्ये थेट दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे खिडक्यांच्या दुसऱ्या पडद्यावर. व्हीएस कोड या एडिटरमधलं क्विक फिक्स कंट्रोल+डॉटवर आहे, नेमकं तेच आयबसनं, म्हणजे लिनक्सवर वेगवेगळ्या भाषा टाइप करून देणाऱ्या प्रोग्रामनं, इमोजीसाठी घेतलं होतं, मग एररवर उपाय मागितला की उपाय येत नाही, इमोजीची तयारी सुरू होते.

हे का होतं ते बघायचं तर बटण दाबल्यावर ते आधी कुणाकडं जातं ते बघावं लागतं. लिनक्सवरच्या जुन्या एक्स११ पद्धतीत विंडो मॅनेजर, म्हणजे डेस्कटॉपचा खिडक्या सांभाळणारा भाग, सुरू होतानाच सर्व्हरला, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, सांगून ठेवतो की ही ही जोडी माझी, याला ग्रॅब म्हणतात, आणि नंतर दुसऱ्या कुणी तीच जोडी तशीच मागितली तर त्याला बॅडॲक्सेस नावाची एरर मिळते, म्हणजे पहिला आला तो मालक. साधं ॲप्लिकेशन तर ग्रॅब मागतच नाही, ते आपल्या खिडकीत बटण येईल म्हणून वाट बघत असतं आणि बटण वरच्यावर गायब झालेलं असतं. खालच्या वॉचमननं पार्सल स्वतःच फोडून घ्यावं आणि वर फ्लॅटमध्ये सांगूही नये, तसला प्रकार. वेलँड या नव्या पद्धतीत तर सगळी बटणं आधी कंपोझिटरकडंच, म्हणजे डेस्कटॉपच्या स्क्रीन सांभाळणाऱ्या भागाकडंच, जातात आणि उरलेली तो पुढं देतो. विंडोजमध्ये रजिस्टरहॉटकी नावाचं फंक्शन आहे, जोडी आधीच कुणी घेतली असेल तर ते फेल होतं, पण बरेच प्रोग्राम हे फेल झालेलं युजरला सांगायची तसदीच घेत नाहीत.

मुळात हद्दी कधी नीट आखल्याच गेल्या नाहीत हे खरं कारण. आयबीएमनं १९८७ साली कॉमन युजर ॲक्सेस नावाचे नियम काढले, एफ१ला हेल्प, ऑल्ट+एफ४ला खिडकी बंद, हे त्यातूनच रुळलं. पण विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आलं १९९४ साली मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डवर, तोपर्यंत कंट्रोल आणि ऑल्टच्या जोड्या प्रोग्रामवाल्यांनी कधीच भरून टाकल्या होत्या, ईमॅक्ससारखे एडिटर तर या डेस्कटॉपांच्याही आधीचे. टर्मिनलचं, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचं, तर वेगळंच राज्य, तिथं कंट्रोल+सी म्हणजे चालू प्रोग्राम थांबव, म्हणून कॉपीला कंट्रोल+शिफ्ट+सी करावं लागतं, आणि सवयीनं कंट्रोल+एस दाबून सेव्ह करायला गेलं की स्क्रीनच गोठते, कंट्रोल+क्यू दाबलं की सुटते. नोम टर्मिनलमध्ये एफ१० मेनू उघडतो पण टर्मिनलमध्ये चालणाऱ्या मिडनाइट कमांडर या फाइल मॅनेजरला तो बाहेर पडायला हवा असतो. मॅकवर कॉपी-पेस्टला कमांड हे वेगळं बटण आहे, त्यामुळं टर्मिनलची ही कटकट तिथं नाही, एवढं एक बरंय.

सोलापुरात या सगळ्यापेक्षा जास्त त्रास देतो तो भाषा बदलायचा शॉर्टकट. इथं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एकाच पेठेत चालतं, पूर्व भागातल्या डीटीपीवाल्याला लग्नसराईत एकाच पत्रिकेत वर मराठी, खाली तेलुगू आणि फोन नंबरला इंग्रजी असं करावं लागतं, म्हणजे लेआउट, कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ती मांडणी, बदलायचं बटण तो दिवसभर बडवत असतो. ते बटण कुठलं ठेवायचं यावर सगळं अवलंबून. एक्स११वर ऑल्ट+शिफ्ट किंवा कंट्रोल+शिफ्ट ठेवलं तर लेआउट बटण सोडल्यावर नाही, दाबल्याबरोबर बदलतो, त्यामुळं कंट्रोल+शिफ्ट+टीसारख्या तीन बटणांच्या जोड्या मधेच मोडतात. विंडोज सिस्टीम बटण सोडायची वाट बघते म्हणून तिथं हे कमी जाणवतं. कंट्रोल+स्पेस ठेवलं, जे आयबससारख्याच एफसिटिक्स या प्रोग्राममध्ये ठरलेलंच असतं, तर ईमॅक्समधलं मार्क लावणं गेलं, कोड एडिटरमधलं सजेशन गेलं आणि लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये अख्खा कॉलम सिलेक्ट करणं पण गेलं. माझ्या मते नोमचं सुपर+स्पेस (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलंच बटण) हेच त्यातल्या त्यात शहाणपणाचं, आणि विंडोज ८पासून तिकडं पण विंडोज+स्पेस तेच काम करतं, म्हणजे दोन्हीकडं हाताला एकच सवय.

लेआउट देवनागरी असताना आणखी एक भानगड होते. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या लेआउटमध्ये सीच्या बटणावर म आहे, व्हीच्या बटणावर न, म्हणजे मराठी चालू असताना कंट्रोल+सी दाबलं तर ॲप्लिकेशनला कंट्रोल+म मिळू शकतं. जीटीके आणि क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या तयार साच्यांवर बनलेले प्रोग्राम मग दुसऱ्या लेआउटमध्ये त्याच बटणावर इंग्रजी काय आहे ते शोधून काम चालवतात, सगळेच तेवढे हुशार नसतात. विम नावाच्या एडिटरमध्ये तर नॉर्मल मोडला, म्हणजे अक्षरं जिथं कमांड असतात तिथं, इंग्रजी जे (J) दाबून खाली जावं म्हटलं तर र जातो आणि विम गप्प बसतो, त्यासाठी लँगमॅप नावाची सेटिंग आहे. विंडोजवर उजवा ऑल्ट ऑल्टजीआर म्हणून चालतो आणि तो कंट्रोल+ऑल्ट असाच धरला जातो, इंग्लिश इंडिया लेआउटला रुपयाचं चिन्ह कंट्रोल+ऑल्ट+४नं येतं ते यामुळंच, आणि कुठल्या प्रोग्रामनं नेमकी हीच जोडी शॉर्टकटला घेतली तर चिन्ह येईल का शॉर्टकट चालेल ते देवालाच ठाऊक.

चित्र काढणाऱ्यांचं दुखणं माउसशी जोडलेलं आहे. चादर-टॉवेलची जॅकार्ड डिझाईन करणारा कुणी गिंप किंवा इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरवर आला की त्याला ऑल्ट लागतो, इंकस्केपमध्ये ऑल्ट+क्लिकनं खालची वस्तू निवडता येते, गिंपमध्ये ऑल्ट धरून सिलेक्शनची चौकट हलवतात. पण एक्सएफसीईत ऑल्ट धरून ओढलं की अख्खी खिडकीच हलते. गिंपच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की विंडो सिस्टीम कधी कधी ऑल्ट मधेच खाते. नोम आणि केडीईनं हे काम आता सुपर बटणावर नेलंय. एक्सएफसीईत विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन स्वतः बदलावं लागतं.

विंडोजवर इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं कंट्रोल+ऑल्ट+बाण कित्येकांनी भोगलंय, स्क्रीन उलटी होते आणि लोक मॉनिटर बिघडला म्हणून दुकानात फोन करतात. त्याच जोडीत वरचा बाण दाबला की सरळ.

घरी बसून पुण्याच्या कंपनीच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपनं काम करणाऱ्यांचा प्रश्न डबल होतो, कारण डेस्कटॉपच दोन, ऑल्ट+टॅब नेमकं कुणाचं? विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये हे निवडायचा ऑप्शन दिलाय आणि कंट्रोल+ऑल्ट+डिलीट पलीकडं पाठवायला कंट्रोल+ऑल्ट+एंड आहे. वेलँडवर अशा प्रोग्रामसाठी डेस्कटॉपचे शॉर्टकट तात्पुरते अडवून ठेवायचा वेगळा प्रोटोकॉल आहे, आणि उलट बाजूनं ॲप्लिकेशनला सगळीकडं चालणारा शॉर्टकट हवा असेल तर त्यानं ग्लोबल शॉर्टकट पोर्टल नावाच्या मध्यस्थाकडून मागून घ्यायचा.

क्लॅश आहे का नाही ते ओळखायला एक्स११वर एक्सईव्ही नावाचा छोटा प्रोग्राम पुरतो. तो चालू करून त्याच्या खिडकीत जोडी दाबायची. बटण दाबल्याची ओळ आली तर डेस्कटॉप निर्दोष, चूक ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये शोधायची, पण त्या जागी फोकस गेला आणि परत आला एवढंच दिसलं तर बटण मधे कुणीतरी ग्रॅब केलंय, मग डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ती जोडी शोधून काढून टाकायची.